एकच कंप्युटर, दोन कारभारी : हार्ड डिस्कच्या वाटणीचा हिशोब

लहान गावातील दुकानदाराच्या दृष्टीने कंप्युटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून बिल, खरेदी-विक्रीचा गोषवारा व विवरणपत्र या सर्व गोष्टी कंप्युटरशी बांधल्या गेल्या. फुलसावंगीसारख्या, महागाव तालुक्यातील गावात कापडाचा धंदा करायचा म्हटले की उधारीही आली. कापूस व सोयाबीन घरात आल्यावर गिऱ्हाईक पैसे देणार, तोपर्यंत आकडा आमच्या वहीत. आता ती वहीसुद्धा कंप्युटरमध्येच गेली आहे. म्हणजे गल्ल्यात जेवढी रक्कम असते त्याहून कितीतरी जास्त रक्कम त्या एका डब्यात, हार्ड डिस्कवर, आकड्यांच्या रूपाने पडलेली असते.

आणि हाच डबा आज अनेक दुकानांत अडचणीत आलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. घरगुती वापरासाठी नाव नोंदविणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत तेवढी जाहीर झाली. विंडोज ११ घालावी तर तिच्या अटी कडक. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रात असली पाहिजे व प्रोसेसर कंपनीच्या यादीतील पाहिजे. साधारणपणे २०१७ पूर्वी बाजारात आलेले इंटेलचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कीबोर्ड चालू, तरीही ते बाद. अशा वेळी दुकानदार सहसा दोनच गोष्टी करतो. एक तर कर्ज काढून नवे यंत्र घेतो, नाहीतर आहे तसेच चालवितो. आमच्या मते यात तिसरा मार्गही आहे. हार्ड डिस्कची वाटणी करून एकाच कंप्युटरमध्ये विंडोज व लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणे, हा तो मार्ग. त्यात खर्च जवळजवळ नाही. परंतु वाटणीपूर्वी नक्कल काढली नाही तर नुकसान मात्र भारी आहे.

वाटणी म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कंप्युटरचा कारभारी. कळ दाबली की सर्वप्रथम तो जागा होतो आणि पडदा, प्रिंटर, मेमरी, इंटरनेट यांच्याकडून काम करून घेतो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. दोघांचे दप्तर ठेवण्याचे शास्त्र वेगळे, म्हणून दोघांना हार्ड डिस्कवर स्वतंत्र जागा द्यावी लागते. या जागेला पार्टिशन म्हणतात.

शेतकरी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाच एकरांचे शेत दोघा भावांत वाटले की मध्ये बांध पडतो आणि सातबाऱ्यावर कोणाचे किती ते लिहिले जाते. माती तीच, विहीर तीच. हार्ड डिस्कच्या सुरुवातीलाही असाच एक सातबारा असतो. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. कोणता तुकडा कोठून सुरू होतो, किती लांब आहे व कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. जुन्या पद्धतीच्या या तक्त्यात फक्त चार मुख्य तुकड्यांची नोंद मावते आणि २ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला मोजता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पर्यंत तुकडे मानते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की हा तक्ता अगदी लहान असतो, पण तोच बिघडला तर सगळा माल जागेवर असूनही कंप्युटरला सापडत नाही.

दोन कारभारी असले तरी एका वेळी एकच काम करतो. आठवडी बाजारात एकाच ओट्यावर सकाळी भाजीवाला बसावा व तो उठल्यावर बांगडीवाला बसावा, तसे हे आहे. कंप्युटर सुरू करताना पडद्यावर एक यादी येते. आज विंडोज पाहिजे की लिनक्स, ते बाणाच्या कळीने निवडायचे. दुसरा पाहिजे असल्यास कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. ज्याची पाळी असेल त्याला सगळी मेमरी व सगळा प्रोसेसर मिळतो, त्यामुळे जुने यंत्र दोघांच्या ओझ्याने दबत नाही.

ही तरकीब नवी नाही

१९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्राबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि त्याच वर्षी डॉसच्या २.० आवृत्तीत एफडिस्क नावाचे, डिस्कचे तुकडे पाडणारे साधन मिळू लागले. १९९० च्या दशकात ज्यांनी कंप्युटर घेतला त्यांना सी, डी, ई अशी ड्राइव्हची नावे आठवत असतील. त्यामागे मोठे कारण होते. त्या वेळच्या फॅट-१६ पद्धतीत डॉस व विंडोज ९५ ला एका तुकड्यात २ जीबीपेक्षा जास्त जागा हाताळता येत नसे. ४ जीबीची डिस्क आणली तरी तिचे तुकडे पाडणे भागच होते. १९९६ मध्ये फॅट-३२ आले आणि ती मर्यादा गेली.

लिनक्सची सुरुवात १९९१ ची. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून सर्वांना खुला केला. पुढे पीसी क्वेस्टसारख्या भारतीय मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि शहरातील कंप्युटर शिकणारी मुले विंडोजशेजारी लिनक्स बसवून पाहू लागली. महाराष्ट्राचा हातही या कामी लागला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले लोहित हे भारतीय लिप्यांचे अक्षरसंच रेड हॅट कंपनीने सर्वांसाठी मोफत खुले केले, त्यामुळे लिनक्सच्या पडद्यावर मराठी नीट दिसू लागली. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची भारतीय लिनक्स तयार केली. ती २००७ पासून उपलब्ध आहे. केरळ राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांत तर काइट या संस्थेमार्फत कित्येक वर्षांपासून मुले लिनक्सवरच शिकतात. तेव्हा ही काही हौशी लोकांची करामत आहे, असे समजण्याचे कारण नाही.

दोन कारभारी कशाला?

कोणी म्हणेल, लिनक्स मोफत आहे, सुरक्षित आहे, तर विंडोज काढूनच का टाकू नये? उत्तर आमच्या धंद्यातच आहे. टॅली विंडोजवर चालते आणि आमच्या भागातील बहुतेक हिशोबनीस व करसल्लागार टॅलीतच आकडे मागतात. तसेच उर्दू छपाईचे. लग्नपत्रिका, जलशाची पत्रके, मदरशाच्या पावत्या छापणारे बांधव १९९४ मध्ये आलेल्या इनपेजवर हात बसवून आहेत. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत केलेली फाइल लिनक्समधील लिबरऑफिसमध्ये सरळ उघडत नाही. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झालेले असल्याने नस्तालिक लिपीचे महत्त्व आम्ही जाणतो. लिनक्समध्येही नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत अक्षरसंच वापरून उर्दू लिहिता येते व एकाच कागदावर मराठी व उर्दू दोन्ही बसविता येतात. परंतु वीस-पंचवीस वर्षांचे जुने काम एका रात्रीत नव्या घरी नेता येत नाही.

म्हणून कामाची वाटणी अशी करावी. टॅली, इनपेज, जुने डिझाइन इत्यादी कामे विंडोजमध्ये ठेवावीत व विंडोजचे इंटरनेट बंद ठेवावे. ईमेल, बँकेचे काम, जीएसटीचे संकेतस्थळ, घाऊक व्यापाऱ्यांकडून येणारे भाव व फोटो ही सगळी बाहेरची वर्दळ लिनक्समधून करावी, कारण लिनक्सची सुरक्षा-दुरुस्ती जुन्या यंत्रांनाही मोफत मिळत राहते. ज्या दाराने सारे जग आत येते त्या दारावर जागा असलेला पहारेकरी बसवावा, एवढाच याचा अर्थ.

जुनी विंडोज इंटरनेटवर उघडी ठेवल्यास काय होते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाच्या विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील कंप्युटरच्या फाइलींना कुलूप लावले आणि ते उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांची यंत्रे सापडली. दुकानदाराची एका हंगामाची उधारी अशी कुलुपात गेली तर तो कोणत्या तोंडाने वसुलीला जाणार? शिवाय कायद्याची बाजूही आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. डिस्क गेली म्हणून ती जबाबदारी जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक दुकानांत परवाना नसलेली विंडोज घातलेली असते. दुसऱ्याचा माल पैसे न देता वापरणे व्यापाऱ्याला शोभत नाही. शिवाय अशा नकली प्रतींबरोबर कोणता विषाणू आत आला आहे हे सांगता येत नाही. ज्यांना टॅली वा इनपेज लागतच नाही, अशा शिंपी, वेल्डर, सुतार बांधवांचे भागण्यासारखे असेल तर त्यांनी लिनक्सच वापरावी. तिच्यासाठी कोणाचा हक्क बुडविण्याची गरज पडत नाही.

कात्री लावण्यापूर्वी

थान उघडून माप घेतल्याशिवाय कोणताही कापडवाला कात्री चालवीत नाही. येथेही तेच. प्रथम डिस्क किती मोठी आहे ते पाहावे. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते. त्यात कोणी फसविलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. वार व मीटर यांच्यातील फरकाप्रमाणेच हा फरक आहे.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नक्कल, अर्थात बॅकअप. टॅलीचा डेटा, बिले, फोटो, इनपेजच्या फाइली हे सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती डिस्क दुसऱ्या कंप्युटरला जोडून फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे. न तपासलेली नक्कल ही मोजून न घेतलेल्या मालासारखी असते. तपासणी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. विंडोजच पूर्णपणे पुसून नव्याने घालायची असेल तर टॅलीचा परवाना आधी त्या यंत्रावरून सोडवून घेण्याची सोय टॅलीतच आहे, ती वापरावी.

तिसरे, बिटलॉकर नावाचे कुलूप डिस्कला लावलेले आहे का ते पाहावे. असल्यास त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवावी किंवा कुलूप काढून टाकावे. चौथे, विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असले की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते, व तिच्या तुकड्यावर लिनक्सला नीट लिहिता येत नाही. पाचवे, विजेचा बंदोबस्त. तुकडे पाडण्याचे काम चालू असताना वीज गेली तर तक्ता अर्धवट राहू शकतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून तारेवर ठेवावा, मोठ्या कंप्युटरला चालू स्थितीतील यूपीएस असल्याशिवाय हात लावू नये.

आधी चाचणी, मग बसवणी

ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. गावातील एका तरुण वेल्डरने इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनविले होते. चाचणीच्या वेळी पात्याचा घाव बसून तो मरण पावला. त्याच्या जिद्दीला कमी लेखणारा माणूस या गावात मिळणार नाही. आपल्या कारागिरांत हुन्नर आहे, पाहून शिकण्याची ताकद आहे. नसते ते चाचणीसाठी सुरक्षित ठिकाण. कंप्युटरच्या कामात मात्र असे ठिकाण फुकट मिळते, म्हणून त्याचा फायदा घेतलाच पाहिजे.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून रुफससारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवर चढवावी आणि कंप्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. संपूर्ण लिनक्स पडद्यावर येते, पण आपण बसविण्याचा हुकूम देईपर्यंत हार्ड डिस्कला तिचा धक्काही लागत नाही. अशा रीतीने चार दिवस चालवून पाहावे. प्रिंटर चालतो का? वायफाय पकडते का? मराठी व उर्दू टाइप होते का? बँकेचे व जीएसटीचे पान उघडते का? ज्यांना डिजिटल सहीचे टोकन लागते त्यांनी ते विशेष करून तपासावे. बारकोडचे काही प्रिंटर लिनक्सशी जुळत नाहीत, ते विंडोजकडेच ठेवावेत. लिनक्स मिंटला किमान २ जीबी मेमरी चालते, पण ४ जीबी असल्यास काम सुखाने होते.

समाधान झाले की प्रत्यक्ष वाटणी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर श्रिंक व्हॉल्यूम हा हुकूम देऊन ती लहान करावी. ५०० जीबीच्या डिस्कवर साधारण २०० जीबी विंडोजला, ६० जीबी लिनक्सला आणि उरलेली सुमारे २०० जीबी दोघांच्या सामाईक मालासाठी, असा हिशोब पुरेसा आहे. सामाईक तुकडा एनटीएफएस पद्धतीचा ठेवावा, तो दोघांनाही वाचता येतो. काही वेळा विंडोज मागितली तेवढी जागा सोडत नाही, कारण तिच्या काही फाइली जागेवरून हलत नाहीत. अशा वेळी जोरजबरदस्ती न करता मिळेल तेवढ्यात भागवावे. त्यानंतर लिनक्स बसविताना विंडोजच्या शेजारी बसविण्याचा पर्याय निवडावा. संपूर्ण डिस्क पुसून टाकण्याचा पर्यायही तेथेच जवळ असतो, म्हणून प्रत्येक पान पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्रमही पाळावा. विंडोज आधी व लिनक्स नंतर. उलट केल्यास विंडोज आपलेच नाव दारावर लावते व निवडीची यादी दिसेनाशी होते. कधी विंडोजच्या मोठ्या दुरुस्तीनंतरही असे घडते. तेव्हा लिनक्स पुसली गेली असे समजून घाबरू नये. पेन ड्राइव्हवरून ती यादी पुन्हा बसविता येते.

एक बारीक गोष्ट बिलांसाठी महत्त्वाची आहे. लिनक्स यंत्रातील घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचते. त्यामुळे कधी कधी विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसते. पहाटेच्या वेळी तर तारीखच आदल्या दिवसाची पडेल. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याचा हुकूम एकदा दिला की हा गोंधळ मिटतो.

याहून सोपा मार्ग

ज्यांना डिस्क कापण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे. मोठ्या कंप्युटरमध्ये बहुधा दुसरी डिस्क जोडण्यास जागा असते. एक लहान एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर बसवावी. बसविताना जुनी डिस्क तारेसकट सोडवून बाजूला ठेवली तर चुकीचा तुकडा पुसला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. एसएसडीमुळे लिनक्स लवकर सुरू होते, हा वरचा फायदा. ज्यांच्या यंत्रात मेमरी भरपूर आहे त्यांना व्हर्च्युअलबॉक्स या साधनाने एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविता येते. ८ जीबीपेक्षा कमी मेमरीच्या यंत्राला मात्र ते ओझे होते.

शेवटी एक इशारा. एकाच डिस्कचे दोन तुकडे केले म्हणजे माल दोन ठिकाणी सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. डिस्क जळाली तर दोन्ही तुकडे एकदमच जातात, आणि विंडोजमध्ये शिरलेला विषाणू सामाईक तुकड्यालाही कुलूप लावू शकतो. वाटणीमुळे जुन्या यंत्राचे आयुष्य वाढते. हिशोबाचे रक्षण मात्र कपाटातील नक्कलच करते. दर शुक्रवारी दुकान बंद असताना, किंवा ज्याला जो वार सोयीचा असेल त्या वारी, पंधरा मिनिटे काढून ती ताजी करावी. गिऱ्हाइकाची उधारी, व्यापाऱ्याचे देणे, सरकारचा कर हे सर्व आकडे आपल्याकडे लोकांची अमानत आहेत. कंप्युटर नवा असो की जुना, त्यात कारभारी एक असो की दोन, अमानतीचा जबाब शेवटी दुकानाच्या मालकालाच द्यावा लागतो.